गीझर का विझतो?

फजरच्या वुजूला कोमट पाणी मिळावं, एवढीच आमच्या अम्मींची हिवाळ्यातली मागणी. वाशीची थंडी ती काय, असं नाशिक-पुण्याचे लोक हसून म्हणतील. पण जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांवर आला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सत्तरी ओलांडलेल्या हाडांना बोचतं. फजरनंतर लगेच अम्मींची आंघोळ, मग मुलीची, मग सकाळच्या सत्राची शाळा असल्यामुळे आमची. अशा तीन आंघोळी ज्याच्या भरवशावर, तो गॅस गीझर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मध्येच विझू लागला.

डोक्याला साबण, डोळे मिटलेले आणि नळातून एकदम गार पाणी. ‘गेला!’ अशी हाक आली की आम्ही स्वयंपाकघरातून धावायचं, नळ बंद करून पुन्हा सोडायचा. ठिणगीचा टक टक आवाज यायचा, भप्पकन पेटायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा विझायचा. घरातल्या प्रत्येकाचं निदान वेगळं. मिस्टर म्हणाले, सेल संपले. मुलगी म्हणाली, गीझरच जुना झालाय. आम्हाला वाटलं, पाण्याला जोर नाही.

तिघांचंही म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. या गीझरला वेगळं बटण दाबावं लागत नाही. नळ सोडला की वाहत्या पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्यावर पडतो. या पडद्याला मेकॅनिक डायफ्रॅम म्हणतात. पडदा फुगला की एक दांडी सरकते आणि छोटा स्विच दाबला जातो. मग खालच्या डबीतल्या दोन जाड सेलांच्या जोरावर ठिणगी पडते आणि गॅसची झडप उघडते. ज्योतीत एक बारीक दांडी असते, तोच सेन्सर. ज्योत आहे अशी खबर त्याच्याकडून येत राहिली तर झडप उघडी राहते. खबर थांबली की झडप बंद. जुन्या गीझरमध्ये कायम जळणारी छोटी ज्योत असते आणि ती थर्मोकपल नावाच्या दांडीला तापवते. त्या उष्णतेतून तयार झालेली किंचितशी वीज झडप धरून ठेवते. दोन्हींचा हेतू एकच, ज्योत नसताना गॅस वाहू नये.

म्हणजे या साखळीत सेल आहेत, पाणी आहे, गॅस आहे आणि पहारेकरी आहे. आम्ही सेलांपासून सुरुवात केली. दोन्ही एकदम बदलले, कारण एक नवा आणि एक जुना घातला तर जुना नव्यालाही घेऊन बसतो. डबीतल्या पत्र्यावर हिरवट थर चढला होता, तो सॅंडपेपरने घासला. खाडीच्या काठावरचं गाव, इथल्या हवेत तांब्या-पितळेवर असा थर चढायला वेळ लागत नाही. दोन दिवस बरे गेले, म्हणजे तसं आम्हाला वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘गेला!’

मग पाणी. आमची इमारत सिडकोने बांधलेली. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबईत आधी वसलं ते वाशी. त्यामुळे आमच्यासारख्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती इथे पुष्कळ. आम्ही राहतो सर्वांत वर. पाहुण्यांना वाटतं, टाकी डोक्यावर आहे म्हणजे पाण्याला केवढा जोर असेल. खरं उलटंच आहे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलोचा दाब मिळतो. तळमजल्याला टाकी दहा-बारा मीटर उंच पडते, आम्हाला अडीच-तीन मीटर. वरच्या मजल्यावर पडदा पुरेसा फुगत नाही आणि गीझर पेटतच नाही, ही तक्रार म्हणूनच वाशीत घरोघरी ऐकू येते. आमच्याकडे गीझर बसवतानाच छोटा पंप लावला होता. तरी गीझरच्या तोंडाशी असलेली जाळी काढून पाहिली. टाकी धुतल्यानंतरचा गाळ तिच्यात अडकला होता. जाळी धुतली, पाण्याची धार सुधारली, पण गीझर विझायचा तो विझतच राहिला.

गॅसचंही पाहिलं. महानगर गॅसचा पाईप इमारतीत आला तेव्हा आमचा सिलिंडर गेला. सिलिंडरच्या आणि पाईपच्या गॅसला एकच जेट चालत नाही. छिद्राचं माप वेगळं असतं, दाबही वेगळा. आमचे जेट तेव्हाच बदलले होते. गीझर विझायचा तेव्हा शेगडीची ज्योत चांगली निळी आणि ताठ असायची. म्हणजे गॅस पुरेसा येत होता.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. तो आला, त्याने नळ सोडला आणि गीझर शहाण्या मुलासारखा पेटला. दहा मिनिटं झाली, बारा झाली, विझायचं नाव नाही. शाळा तपासायला साहेब आले की वर्गातलं सर्वांत द्वाड पोर हाताची घडी घालून बसतं, तसा प्रकार. मेकॅनिक गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अम्मींच्या आंघोळीत गीझर दोनदा विझला. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या खेपेला तोही कंटाळला. म्हणाला, “मॅडम, सेन्सर कमजोर झालाय. नवीन आणायचा तर थांबावं लागेल. नाहीतर सेन्सर काढून डायरेक्ट करून देतो. तीनशे रुपये द्या. मग विझायचं नावच घेणार नाही.”

आम्ही काय म्हणालो ते लपवत नाही. आम्ही म्हणालो, “करून टाका भाऊ.” मिस्टरांनी पाकीटही काढलं. पण त्याच्याजवळ लागणारी वायर नव्हती. तो म्हणाला, “परवा सकाळी येतो.”

त्या रात्री जेवणं झाल्यावर अम्मींनी विचारलं, “बेटा, ह्याचं धुराडं कुठं आहे?”

अम्मींचं माहेर आणि सासर दोन्ही श्रीवर्धनकडचं. तिथे परसात तांब्याचा बंब होता. ज्यांनी बंब पाहिला नाही अशा मुलींसाठी सांगायला हवं. मोठ्या पिंपासारखं भांडं, त्याच्या मधोमध उभी नळी. नळीत करवंट्या, नारळाची सोडणं, लाकडाच्या ढलप्या पेटवायच्या आणि भोवतीचं पाणी तापायचं. नळीच्या तळाला जाळी, जाळीखाली राख पडायची जागा. बंब धुमसायला लागला, विझायला लागला तर अम्मी फुंकर मारत बसत नसत आणि वरून रॉकेलही ओतत नसत. पहिल्यांदा खालची राख ओढून काढत. राखेने जाळी बुजली की खालून हवा येत नाही, आणि वरचं तोंड झाकलं गेलं तर धूर जायला वाट राहत नाही. दोन्हींपैकी एक बंद झालं तरी बंब विझणारच.

“ह्याची राख कुठून काढतेस?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“अम्मी, हा गॅस आहे, ह्याला राख नसते,” असं आम्ही म्हणालो. बीएड झालेल्या माणसाचं ते उत्तर. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. गॅसला राख नसते, पण धूर? डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नसतो, असं कुठे आहे?

आमच्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. डक्टात कबुतरं. वाशीत राहणाऱ्याला कबुतरांबद्दल वेगळं सांगायला नको. खिडकीच्या तिरक्या काचांच्या पट्ट्यांवर त्यांनी घरटं केलं होतं, पिसं आणि घाण आत पडायची, अम्मींना खोकला सुटायचा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्या खिडकीवर पारदर्शक ॲक्रिलिकची शीट बसवून घेतली होती. कडेने सिलिकॉनही भरलं, फट राहायला नको म्हणून. उजेड येतो, कबुतर येत नाही, याचा आम्हाला केवढा आनंद झाला होता! नोव्हेंबरात उकाडा होता, गरम पाण्याची एखादी बादली काढली की भागायचं, त्यामुळे काही कळलं नाही. डिसेंबरात आंघोळी लांबल्या आणि गीझर विझायला लागला. खिडकी बंद होणं आणि गीझर विझणं यांत महिनाभराचं अंतर पडलं, म्हणून दोन्हींचा संबंध आमच्या ध्यानातच आला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या सरांपुढे हे मांडलं. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. व्याकरण विचारा, हिशेब नको. सरांनी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर मांडून दाखवलं. गीझर मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवतो, म्हणजे दीडशे किलोकॅलरी. थोडी उष्णता वाया जाते, म्हणून पावणेदोनशे धरा. तेवढ्यासाठी मिनिटाला साधारण वीस लिटर गॅस लागतो. आणि एक लिटर पाईपचा गॅस नीट जळायला दहा लिटर हवा लागते. म्हणजे मिनिटाला दोनशे लिटर हवा. “तुमचं बाथरूम केवढं?” चार बाय सहा फूट, उंची आठ. सरांनी गुणाकार केला. एकशे ब्याण्णव घनफूट, म्हणजे सुमारे पाच हजार चारशे लिटर. “दहा मिनिटांत दोन हजार लिटर हवा तुमचा गीझर पिऊन टाकतो, आणि जळालेला वायू त्याच खोलीत सोडतो. त्या खोलीत आणखी कोण असतं?”

आणखी अम्मी असतात. दार लावून, कडी घालून, पंधरा-वीस मिनिटं.

आणि मग आठवलं. डिसेंबरापासून अम्मी आंघोळीहून आल्या की कपाळ धरून बसत. “डोकं जड झालंय”, “मळमळतंय”. आम्ही म्हणायचो, उपाशीपोटी आंघोळ, दुसरं काय. एकदा दवाखान्यात नेलं, बीपी ठीक निघाला. कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात होतं. आम्ही मोठ्या हुशारीने ते लावून पाहिलं. आकडा अठ्ठ्याण्णव. बिनधास्त झालो. सर म्हणाले, त्या आकड्यावर इथे विसंबायचं नाही. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसगळतीचा वास येतो कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. याला तसं काही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आणि बोटावरचं साधं यंत्र ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि हा विषारी वायू चिकटलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही, दोन्हींना ते चांगलंच समजतं. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला एक दांपत्य बाथरूममध्ये मृत सापडलं होतं आणि गॅस गीझरमुळे गुदमरल्याचा संशय वर्तमानपत्रांत आला होता. ती बातमी आम्ही वाचली होती. वाचून ‘अरेरे’ म्हटलं होतं आणि पान उलटलं होतं.

तरी मनाची खात्री करून घ्यायची होती. परवा मेकॅनिक येणार, त्याच्याआधी. शाळेतून आल्यावर आम्ही आणि मुलगी, दोघी कामाला लागलो. नळाला रबरी पाईप लावून दाराखालून बाहेर काढला आणि बादलीत सोडला. आत कुणीही थांबायचं नाही, हा नियम. मुलीने पाण्यात बोट धरायचं, आम्ही घड्याळ पाहायचं आणि वहीत लिहायचं. दार बंद, खिडकीवर शीट: सहा मिनिटांनी पाणी गार. दार-खिडकी उघडून खोली मोकळी होऊ दिली, अर्धा तास थांबलो. पुन्हा दार बंद: साडेपाच मिनिटं. मग दार सताड उघडं: पंधरा मिनिटं झाली तरी पाणी गरमच, आम्हीच बंद केला. (वीस मिनिटांनी बरेच गीझर आपोआप बंद होतात, तो बिघाड नसतो, म्हणून पंधरालाच थांबलो.) पाणी वाया घालवलं नाही. त्या दिवशी घरातल्या सगळ्या चादरी धुऊन निघाल्या.

मेकॅनिक आला की गीझर का पेटत राहायचा, तेही आता कळलं. तो पाहणी करताना दार उघडं असायचं. दारात मिस्टर, मिस्टरांच्या मागे मुलगी, मुलीच्या मागे चहा घेऊन आम्ही. बिचाऱ्याने बंद दारामागचा गीझर कधी पाहिलाच नव्हता.

आंघोळीच्या वेळी मात्र हवा कमी पडून ज्योत पिवळी, लांबट आणि डळमळीत होत असणार. ती सेन्सरच्या दांडीपासून सरकली की खबर थांबायची आणि झडप बंद व्हायची. ज्याला आम्ही कमजोर म्हणत होतो, तो सेन्सर दिवसातून तीन-तीनदा आपलं काम चोख करत होता. आणि त्याला काढून टाकायला आम्ही तीनशे रुपये देणार होतो.

इथे वाचक भगिनींसाठी थोडं थांबून सांगतो. गीझर ‘बिघडला’ एवढंच मेकॅनिकला सांगू नका. केव्हा विझतो ते सांगा. ठिणगीच पडत नसेल किंवा पेटतच नसेल तर सेल, पाण्याचा जोर, जाळी आणि तो रबरी पडदा यांतलं काहीतरी असतं. पेटून दोन-चार सेकंदांत विझत असेल तर सेन्सरची दांडी काजळलेली किंवा सरकलेली असते, जुन्या गीझरमध्ये थर्मोकपल गेलेलं असतं, नाहीतर सेल झडप धरून ठेवण्याइतके ताकदवान राहिलेले नसतात. दुसरा नळ सोडला की विझतो, हा पाण्याचा दोष. मात्र पाच-सहा मिनिटं छान चालून विझतो आणि दार उघडं असलं की विझत नाही, असं असेल तर त्या बाथरूममध्ये आणखी एकाही माणसाला आंघोळीला पाठवू नका. ज्योतीचा रंग पिवळा दिसत असेल किंवा गीझरच्या वर भिंतीला काळपट डाग असेल, तरीही तेच. आमच्या भिंतीवर तो डाग होता. आम्ही त्याला ओल समजत होतो.

परवा मेकॅनिक आला. आम्ही त्याला वही दाखवली, मग शीट दाखवली. त्याने डोक्याला हात लावला. “मॅडम, खिडकी बंद केलीय हे आधी नाही का सांगायचं?” आम्ही म्हणालो, “तुम्ही आधी नाही का विचारायचं?” दोघंही थोडा वेळ गप्प.

शीट त्याच दिवशी काढली, कबुतरांसाठी जाळी लावली. पण तेवढ्यावर भागवलं नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात झड आत येते म्हणून आपणच पुन्हा काहीतरी लावू, हे आम्ही स्वतःला ओळखून आहोत. गीझर बाथरूममधून हलवून ड्राय बाल्कनीत नेला. तिथे एक बाजू पूर्ण मोकळी आहे. गॅसची जोडणी अधिकृत माणसाकडून करून घेतली. गरम पाण्याचा पाईप भिंतीतून आत आणला. सगळा खर्च नव्या गीझरच्या जवळपास गेला. मिस्टर दोन दिवस कुरकुरले. पाणी आता बाथरूममध्ये पोहोचायला थोडा वेळ घेतं, पहिला अर्धा तांब्या गार येतो, अम्मी तो कुंडीसाठी बाजूला ठेवतात. त्यांचं डोकं आता जड होत नाही.

काम संपवून मेकॅनिक हत्यारं पिशवीत भरत होता, तेव्हा आम्ही विचारलं, “भाऊ, आजवर किती घरांत सेन्सर डायरेक्ट करून दिलेत?” तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, “लोकच सांगतात, मॅडम. रोज रोज विझतो म्हणतात.” किती, ते त्याने सांगितलं नाही. पण चहा पिताना मोबाईलमधले नंबर वर-खाली करत होता. निघताना म्हणाला, “ह्याच सेक्टरमध्ये दोन घरं आहेत. आज जातो.” गेला का, ते आम्ही विचारलं नाही. मग पंधरा दिवसांनी रस्त्यात भेटला तेव्हा स्वतःच म्हणाला, “एकांनी बसवून घेतला. दुसऱ्यांनी दार उघडलं नाही.”

मग आम्ही आमच्याच डक्टात वाकून पाहिलं. चार मजल्यांच्या खिडक्या एका ओळीत दिसतात. आमच्याखालच्या तीनपैकी दोन खिडक्यांवर तशीच शीट. कबुतरं सगळ्यांचीच. एका रविवारी असरनंतर वही घेऊन जिना उतरलो. तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच बाथरूम दाखवलं. त्यांच्याकडे विजेचा गीझर निघाला, शीटचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या मजल्यावर ज्या काकू राहतात, त्यांच्याकडे गॅसचाच होता. त्यांनी आमची हकीकत ऐकली, वहीतले आकडे पाहिले आणि हसून म्हणाल्या, “तुमच्या गीझरचं ऐकलं बाई. आमचा तर बघा, मागच्या वर्षी दुरुस्त करून घेतल्यापासून एकदाही विझलेला नाही.”

आम्ही चपला दाराबाहेर काढल्या आणि म्हटलं, “काकू, आम्हाला जरा बाथरूमची खिडकी दाखवता का?”